हात खिशात ठेवून एक दिवस: माजी १०८ वाली, सिॲटलच्या फायरमन-मेडिकसोबत

गोदाकाठ | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, मी एरवी वाचनमात्र. आज लिहितेय कारण झोप येत नाहीये.

आधी ओळख. मी बीएएमएस. नाशिक जिल्ह्यात चार वर्षं १०८ वर ईएमएसओ होते, म्हणजे गाडीत मागे बसणारी डॉक्टर. सध्या सिॲटलला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करतेय. या सत्रातल्या एका विषयासाठी आपत्कालीन सेवेत एक दिवस नुसतं बघत काढायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी कॉल सेंटर घेतलं, मी गाडी मागितली. किंग काउंटीतल्या एका फायर स्टेशनने हो म्हटलं. स्टेशन कुठलं ते सांगत नाही, गोपनीयतेच्या फॉर्मवर सही केलीय. पेशंटच्या तपशिलातही मुद्दाम थोडी अदलाबदल केलीय.

इथे पॅरामेडिक हा मुळात फायरमन असतो. आधी काही वर्षं बंबावर काढायची, मग निवड झाली तर मेडिकचं शिक्षण. ड्युटी २४ तासांची. मला सकाळी साडेसात ते संध्याकाळी सात एवढीच परवानगी होती. गाडीवर दोघं, दोघंही मेडिक: एक पन्नाशीचा सीनियर आणि एक तिशीतली मुलगी. तिला मी इथे धाकटी म्हणते.

सीनियरने मला पिवळं जाकीट दिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. सांगू तिथे उभी राहा. चक्कर येईलसं वाटलं तर आधी खाली बस, पडू नकोस. मी म्हटलं, मी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर होते. तो हसला आणि म्हणाला, "मग तुझ्यासाठी तिसरा नियम. हात खिशात."

सकाळची तपासणी अगदी आपल्यासारखीच. आम्ही ऑक्सिजनचा जंबो (मोठा सिलिंडर) किती भरलाय ते बघायचो, सक्शन चालू करून बघायचो, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का ते बघायचो. तेच इथे. वेगळं एवढंच की फेंटानिल या कडक वेदनाशामकाच्या कुप्या कुलपातून काढून दोघांनी मोजल्या, दोघांनी सह्या केल्या. भिंतीला फायरचे कपडे होते. पँट बुटांवरच खाली गुंडाळून ठेवलेली, पाय घालायचे आणि वर ओढायची. दिवसभरात त्या पँटला कुणी हात लावला नाही.

पहिला कॉल अर्ध्या रस्त्यात रद्द झाला. इथे दोन पातळ्या आहेत. आधी जवळचा बंब जातो, त्यावरचे सगळे ईएमटी, म्हणजे मेडिकपेक्षा कमी, प्राथमिक उपचारांपुरतं शिकलेले. त्यांना वाटलं की प्रकरण आपल्या आवाक्यातलं आहे, तर ते मेडिकला परत पाठवतात. आजी बाथरूममध्ये घसरल्या होत्या, तिघांनी उचलून खुर्चीत बसवलं, संपलं.

दुसरा कॉल मला फार आवडला. मधुमेही गृहस्थ, पन्नाशीचे, इन्शुलिन घेतलं आणि जेवायचं राहिलं. साखर ३१. घामाने निथळत होते, कुणालाच ओळखत नव्हते. धाकटीने शीर मिळवली, दहा टक्के डेक्स्ट्रोज लावलं आणि सातआठ मिनिटांत गृहस्थ उठून "माझ्या घरात इतकी माणसं कशाला?" म्हणून चिडले. आता खरी गंमत. बंबावरचा एक धिप्पाड फायरमन त्यांच्या स्वयंपाकघरात गेला, पावाला पीनट बटर लावून सँडविच केलं, बशीत घालून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. नुसती साखर चढवून निघालं तर ती तासाभरात परत उतरते, पोटात काहीतरी टिकणारं जायला हवं, हे आपल्यालाही माहीत असतं. पण आपण नातेवाइकांना सांगतो आणि निघतो. या बाबाने सुरीसुद्धा धुऊन ठेवली.

तिसरा कॉल दुपारी दोनच्या सुमारास. त्याच्यासाठीच हा धागा.

साठीचे गृहस्थ बेडरूममध्ये कोसळले होते. आम्ही पोचलो तेव्हा बंबवाले काही मिनिटं आधी पोचलेले. त्यांच्याही आधी बायको छाती दाबत होती. फोन स्पीकरवर टाकलेला, ९११ ची बाई पलीकडून मोजत होती. शुद्ध आहे का? नाही. नीट श्वास चालू आहे का? नाही. मग हात छातीवर ठेवा. पत्ता पक्का झाल्यावर एवढे दोनच प्रश्न विचारून त्या सुरू करून देतात. टेलिफोनवरून सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवण्याची ही पद्धत याच काउंटीत ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बसवली गेली.

बंबवाल्यांनी त्यांना ओढत बाहेरच्या खोलीत आणलं होतं, कारण बेडरूममध्ये चारही बाजूंनी बसायला जागा नव्हती. टीपॉय उचलून सोफ्यावर ठेवलेला. मिनिटाला ११० वर लावलेला मेट्रोनोम टिकटिकत होता. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा आणि बदलताना एकदोन सेकंदांपेक्षा जास्त खंड नाही. कुणी ओरडत नव्हतं. धाकटीने नडगीच्या हाडात ड्रिलने सुई बसवली, सीनियरने श्वासनलिकेत नळी घातली. दोन शॉक दिले. मग रेष सपाट झाली. अ‍ॅड्रेनालिन, पुन्हा अ‍ॅड्रेनालिन. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा दहाच्या वर जाईना, म्हणजे रक्त नीट फिरत नव्हतं.

आणि मी वाट बघत होते की आता स्ट्रेचर आणतील. दहा मिनिटं झाली, वीस झाली. स्ट्रेचर दाराबाहेरच. खिशात माझी बोटं तीसपर्यंत मोजत होती आणि पुन्हा एकपासून सुरू करत होती.

बेचाळीस मिनिटांनी सीनियरने हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं, ऐकलं. मग खोलीतल्या प्रत्येकाला विचारलं, "कुणाला आणखी काही सुचतंय?" कुणाला सुचलं नाही. वेळ सांगितली. सगळे थांबले. मेट्रोनोम मात्र कुणीतरी बंद करेपर्यंत वाजत राहिला.

सीनियर बायकोसमोर जाऊन उकिडवा बसला. ती खुर्चीवर होती, म्हणून हा तिच्यापेक्षा खाली. त्याने सरळ "वारले" असं सांगितलं. "गेले", "सोडून गेले", "आम्हाला यश आलं नाही", यातलं काही नाही. मग गप्प बसला. बराच वेळ.

वैद्यकीय तपासनिसांच्या नियमामुळे नळी काढता येत नाही. चादर घातली. सगळे कागद, प्लास्टिक, सुयांची आवरणं गोळा केली. शेवटी एका फायरमनने टीपॉय सोफ्यावरून उतरवला. कार्पेटवर त्याच्या चार पायांचे खळगे पडले होते. त्याने खाली वाकून चारही पाय बरोबर त्या खळग्यांत बसवले.

आता माझं. १०८ वर असताना सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून मी एका माणसाला तासभर लांबच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचले तेव्हाच तो गेलेला होता. मला कळत होतं, पायलटला (१०८ वर ड्रायव्हरला पायलट म्हणतात) कळत होतं. बाहेर चाळीस माणसं "हलवा, हलवा" करत होती. मी घाटातून एका हाताने वरचा दांडा धरून आणि दुसऱ्या हाताने छाती दाबत गेले. एका हाताने सीपीआर होत नाही, हे कुणीही सांगेल. मी तो त्याच्यासाठी करत नव्हते, मागे बसलेल्या त्याच्या पोरासाठी करत होते. हॉस्पिटलात पाच मिनिटांत कागदावर आलं: मृतावस्थेत दाखल. पोराला तिथे बापाजवळ बसायला जागाही नव्हती.

आज मला पहिल्यांदा वाटलं की तो माणूस त्याच्या घरात राहायला हवा होता, आणि मी त्याच्या घरात थांबायला हवं होतं.

---

उंटावरचा_शहाणा | रविवार, सकाळी ८.१०

वाचतोय. टीपॉयपाशी थांबलो.

एक बाळबोध प्रश्न. आग विझवणाऱ्यांकडे हे काम गेलंच कसं? आपल्याकडे १०१ वेगळा, १०८ वेगळा.

---

तिखटमीठ | रविवार, सकाळी ९.०२

लेखन छान, पण अमेरिकेची आरती जरा आवरा ताई. माझ्या मेव्हण्याला टेक्सासात ॲम्ब्युलन्सने चार मैल नेलं आणि वर दोन हजार डॉलरचं बिल आलं. आपली १०८ फुकट आहे. गाडीत डॉक्टर आहे. त्यांच्या गाडीत डॉक्टर नाही.

---

रेडमंडची_आई | रविवार, सकाळी ९.३०

अगं, तू इथेच आहेस की! माझी लेक अकरावीत, तिला हेच करायचंय. शाळेतून एक दिवस एखाद्याचं काम बघायला जायचं असतं, तिने फायर स्टेशन निवडलंय. मला धाकधूक होतेय. अशी माणसं समोर मरताना बघायची का या वयात? कृपया सांग.

---

गोदाकाठ | रविवार, दुपारी १.१५

@उंटावरचा_शहाणा, बाळबोध नाही हो. साठच्या दशकापर्यंत अमेरिकेत बऱ्याच गावांत ॲम्ब्युलन्स म्हणजे अंत्यविधीवाल्यांची गाडी असायची. आडवं नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच. जिवंत असो वा मेलेला, गाडी तीच. १९६६ मध्ये अपघाती मृत्यूंवर राष्ट्रीय पातळीवरचा एक अहवाल आला आणि सगळ्यांना लाज वाटली. त्याच सुमाराला बेलफास्टमध्ये पँट्रिज नावाच्या डॉक्टरने डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, गाडीत घालून पेशंटच्या दारात न्यायला सुरुवात केली होती. ते बघून सिॲटलमध्ये हृदयरोगतज्ज्ञ लेनर्ड कॉब आणि फायर चीफ गॉर्डन व्हिकरी यांनी १९७० मध्ये मेडिक वन सुरू केलं. हिशेब साधा: फायर स्टेशनं गावभर पसरलेली, माणसं चोवीस तास तयार, आणि आग काही रोज लागत नाही. पहिली गाडी एवढी बोजड होती की तिला लाडाने मोबी पिग म्हणत.

आज अमेरिकेत फायरवाल्यांच्या दर तीन कॉलपैकी साधारण दोन वैद्यकीय असतात. खरी आग शंभरात चारपाच.

@तिखटमीठ, बिलाचं खरं आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. इथे मेडिक सेवेसाठी घरपट्टीवर वेगळा कर आहे, १९७९ पासून. लोक तो दर काही वर्षांनी मत देऊन पुन्हा मंजूर करतात. सगळ्या अमेरिकेत असं नाही, आणि खाजगी ॲम्ब्युलन्सचं बिल ही रडायचीच गोष्ट आहे. २०१४ साली महाराष्ट्रात ९३७ गाड्या डॉक्टरसकट आणि फुकट रस्त्यावर आल्या, याचा मला आजही अभिमान आहे. माझी तुलना गाड्यांची नाहीच. तुलना त्या बेचाळीस मिनिटांची आहे.

@रेडमंडची_आई, गाडीत बसायला बऱ्याच ठिकाणी १८ पूर्ण लागतात. अकरावीच्या मुलीला बहुधा स्टेशनवरच ठेवतील: गाडी दाखवतील, होज उचलायला लावतील, सीपीआर शिकवतील. पाठव बिनधास्त. बंद बूट घालायला सांग, सॅंडल घालून आलेल्या मुलाला आमच्यासमोर परत पाठवलं.

---

भूलवाली | रविवार, दुपारी ४.४५

गोदाकाठ, मी भूलतज्ज्ञ, पुण्यात. आमच्या जमातीतला एक माणूस तुमच्या इतिहासातून सुटला म्हणून लिहिते. सिॲटलच्या आधी, १९६७ मध्ये, पिट्सबर्गला फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सुरू झाली. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीतली बेकार तरुण मुलं घेतली आणि त्यांना शिकवलं पीटर साफार या भूलतज्ज्ञाने, म्हणजे आज आपण जो सीपीआर करतो त्याच्या जनकांपैकी एकाने. आजच्या पॅरामेडिकचा साचा बऱ्याच अंशी त्या मुलांनी घडवला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि ही बंद केली. त्यातल्या फार थोड्यांना नव्या सेवेत मान मिळाला.

दुसरं, एक कान टोचते. "घरीच थांबा" हा सरसकट नियम नव्हे. गरोदर बाई, बुडालेला, गारठलेला, विषबाधा झालेला, किंवा शॉक देऊनही पुन्हा पुन्हा फायब्रिलेशनमध्ये (हृदय नुसतं थरथरतं त्या अवस्थेत) जाणारा, यांची गणितं वेगळी. काहींना लवकर हलवावंच लागतं. वाचणाऱ्यांनी "ॲम्ब्युलन्सवाले हलवत नाहीत म्हणजे बरोबरच करताहेत" असा अर्थ काढू नये.

पण मूळ मुद्दा बरोबर. छाती पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि पूर्ण वर आली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२०. चालत्या गाडीत हे कुणाच्या बापालाही जमत नाही, आणि करणाराच आपटून जखमी होतो.

---

बंबवाले_काका | रविवार, रात्री ८.२०

पोरी, मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त. बत्तीस वर्षं वर्दीवर धावलो. (नव्या वाचकांसाठी: आमच्यात कॉलला वर्दी म्हणतात. "वर्दी आली" म्हणजे घंटा झाली.)

बुटांवर गुंडाळलेली पँट वाचून हसू आलं. आमच्या सुरुवातीच्या काळात तसली पँटच नव्हती.

तुझ्या लेखातलं एक मला लागलं. आम्ही धुरातून माणूस बाहेर काढायचो, बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर) पाठीवर, वीसेक किलोचं ओझं. माणूस फुटपाथवर ठेवायचा. आणि मग? मग आमचं काम संपलं. ॲम्ब्युलन्स येईस्तोवर आम्ही आजूबाजूची गर्दी हटवायचो. एकदा नऊदहा वर्षांचा मुलगा होता. काढला तेव्हा कोमट होता. आमच्यातल्या कुणाला दाबायचं माहीत नव्हतं, सिनेमात बघितलेलं तेवढंच. एकाने तोंडावर पाणी मारलं. ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांनी आली. पुढे प्रशिक्षण आलं, एक दिवसाचं, पुतळ्यावर. मी त्या पुतळ्यासमोर बसलो आणि उठलो.

दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही मानवंदना देतो. १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं आणि मुंबईचे ६६ जवान गेले, त्यांची आठवण. दरवर्षी त्या बिगुलाला मला मात्र तो मुलगा आठवायचा. हे कुणाला बोललो नव्हतो. असो.

---

चिंचगूळ | रविवार, रात्री ११.०५

मी "हलवा, हलवा" वाल्यांपैकी आहे.

तीन वर्षांपूर्वी बाबा जेवता जेवता कोसळले. ॲम्ब्युलन्स आली, त्यातली डॉक्टर तुमच्याच वयाची असेल. ती जमिनीवर बसून दाबायला लागली आणि मी तिच्या अंगावर ओरडले, की इथे काय करत बसलीस, हॉस्पिटलला घेऊन चल. माझ्या भावाने तिचा हात धरून ओढला. नेलं. रस्त्यातच गेले, किंवा आधीच.

तुमचा लेख वाचल्यापासून डोक्यात एकच चाललंय. तिला थांबू दिलं असतं तर वाचले असते का? खरं सांगा. गोड बोलू नका.

---

गोदाकाठ | सोमवार, पहाटे ५.५०

@चिंचगूळ, गोड बोलत नाही.

जिथे पहिल्या मिनिटापासून कुणीतरी दाबत असतं आणि शॉक लवकर मिळतो, तिथेसुद्धा बहुतेक वाचत नाहीत. परवा माझ्यासमोर सगळं बरोबर झालं: बायकोने दाबलं, बंब काही मिनिटांत आला, चार ताजी माणसं होती, सगळी औषधं होती. तरी गेले. शॉकविना जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सातदहा टक्क्यांनी खाली आणतं. गाडी तुमच्याकडे पोचेपर्यंतची मिनिटं आधीच गेलेली होती आणि ती तुमच्या हातात नव्हती. तिला थांबू दिलं असतं तर दाबणं जास्त चांगलं झालं असतं, हे खरं. त्याने निकाल बदलला असता, असं मी म्हणणार नाही, कारण बहुधा बदलला नसता.

त्या डॉक्टरबद्दल. तिला तुमचा राग आला नसेल. माझ्या अंगावर असे पुष्कळ ओरडले. मला राग यायचा तो स्वतःचा, की चार वाक्यांत समजावता येत नाही म्हणून. परवाचा सीनियर पोचल्यावर लगेच एका फायरमनला बायकोजवळ उभं करतो. त्या माणसाला दुसरं काम नाही, दर दोनतीन मिनिटांनी तिला सांगायचं: आता हे करतोय, हॉस्पिटलात पहिल्या अर्ध्या तासात जे करतील तेच इथे करतोय. आमच्या गाडीवर आम्ही दोघंच, एक पायलट आणि एक डॉक्टर. तुमच्याशी बोलायला तिसरं माणूसच नव्हतं.

@काका, नमस्कार करते. पुढे काही सुचत नाही.

---

तिखटमीठ | सोमवार, सकाळी ९.४०

माझा वरचा प्रतिसाद जरा उद्धट झाला. "तिसरं माणूसच नव्हतं" हे पटलं.

पण मग सांगा, आपल्याकडे तुमच्या त्या चार ताज्या माणसांची सोय कशी व्हायची? बंब तर तालुक्याला एखादाच.

---

गाडीवान | सोमवार, दुपारी ३.३०

नमस्कार मॅडम. मी १०८ वर पायलट आहे. जिल्हा सांगत नाही. पुतण्याने हा धागा दाखवला.

तुमचं सगळं खरं पण मॅडम घरी बेचाळीस मिनिट थांबलो तर पब्लिक गाडी फोडंल. तुम्ही चार वर्ष केलंय, तुम्हाला माहीत आहे. लोकांचं चुकत नाही. त्यांना वाटतं हॉस्पिटलात मशीन आहे. आणि नंतर भावकी विचारते, दवाखान्यात का नाही नेलं? मेलेल्याला नेलं तरी नेलं म्हणायला होतं. माझा चुलता गेला तेव्हा मीपण नेला. मी पायलट, मला सगळं कळतं, तरी नेला.

अजून एक. गाडीत डॉक्टर दाबत असल्या की मी हळू चालवतो. लोक मागून शिव्या देतात. पण आमच्या मॅडम एकदा घाटात पडल्या होत्या, डोक्याला टाके पडले. तेव्हापासून हळू.

---

भूलवाली | सोमवार, संध्याकाळी ६.१०

गाडीवान दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात शहाणा प्रतिसाद आहे.

@तिखटमीठ, चार माणसं गावातच असतात, फक्त त्यांना दाबता येत नाही. आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य लोकांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत काढलीय, कोल्स म्हणतात. तोंडाला तोंड लावायचं नाही, औषध नाही, काही नाही. माणूस हलवून बघा, हाक मारा, १०८ ला फोन, आणि दाबत राहा. मी शाळांतून शिकवते. सातवीची मुलं सगळ्यात चांगलं करतात, त्यांना लाज वाटत नाही. मोठी माणसं विचारतात, "बरगडी मोडली तर?" मोडू दे. बरगडी जुळते.

पोलिसांचं लचांड मागे लागेल या भीतीने रस्त्यावर कुणी हात लावत नाही, तेही जुनं झालं. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. अपघातात मदत करणाऱ्यावर चांगल्या हेतूने केलेल्या कृतीसाठी खटला नाही, आणि नाव सांगायचीही सक्ती नाही.

---

बंबवाले_काका | सोमवार, रात्री ९.००

भूलवाली बाई, तुमचा शाळेतला वर्ग पुढचा कधी आहे? मी पुण्यात मुलीकडे आहे महिनाभर. गुडघे दुखतात, पण बसता येतं.

---

भूलवाली | सोमवार, रात्री ९.१२

शनिवारी, काका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. खुर्ची ठेवते, पण पुतळा जमिनीवरच असतो हं.

---

रेडमंडची_आई | गुरुवार, सकाळी ७.५५

लेक जाऊन आली! मरण वगैरे काही दिसलं नाही. एक ऑटोमॅटिक अलार्म वाजला, कुणाचे तरी पॉपकॉर्न जळले होते. बाकी दिवसभर बटाटे सोलले. फायरमन स्वतःच रांधतात म्हणे आणि पाहुण्याला सोलायला बसवतात. आता म्हणते ईएमटीचा कोर्स करायचा. हिचे बाबा म्हणतात, आधी घरचे बटाटे सोल.

---

गाडीवान | दोन आठवड्यांनी, रात्री १०.२५

मॅडम, परत लिहितोय. काल एक केस झाली. आमच्या मॅडमना तुमचा धागा वाचायला दिला होता. वस्तीवर गेलो, माणूस ओट्यावर पडलेला. मॅडम म्हणाल्या, इथंच करू. मी दारात उभा राहून लोकांना तुमचं ते वाक्य सांगत होतो, हॉस्पिटलात करतात तेच इथं करतोय म्हणून. दोघांनी ऐकलं, एकाने कॉलर धरली. सरपंच आले, त्यांनी सोडवलं. पंधरा मिनिट करू दिलं. मग ऐकेनात, न्यावं लागलं. वाचला नाही.

---

गोदाकाठ | दोन आठवड्यांनी, रात्री १०.५०

दादा, तुम्हाला लागलं नाही ना? पंधरा मिनिटं म्हणजे खूप झाली, मला कधी पाचसुद्धा मिळाली नव्हती.

फोन आल्यापासून पोचायला किती वेळ गेला? आणि तुम्ही पोचलात तेव्हा कुणी दाबत होतं का?

---

गाडीवान | दोन आठवड्यांनी, रात्री १०.५८

नाही लागलं. बावीस मिनिट लागली, रस्ता खोदलाय.

दाबत नव्हतं कुणी. नाकाला कांदा लावत होते.